राणीच्या पोलक्यातले दोन फुगे

माझा आवाज फुटला तो उशिरा, आणि फुटला तो एकदम. बरोबरीच्या पोरांना मिशा आल्या, काहीजण वापीला कामाला लागले, एकदोघांची लग्नंही ठरली, आणि मी मात्र तोंड उघडलं की अंगणातली कोंबडी मान वर करून बघायची, आपलंच पिल्लू कुठं हरवलं का म्हणून. मग एका थंडीत मला ताप आला. चार दिवस मी बोललो नाही. पाचव्या दिवशी अंथरुणातून म्हटलं, “आय, पाणी दे,” तर आय पाण्याचा तांब्या घेऊन थेट दारात गेली, कोण पाव्हणा आला बघायला. तेव्हापासून माझा आवाज हा असा आहे, रिकाम्या रांजणात कुणी दगड टाकावा तसा. आज माझे दात गेले, गुडघे गेले, पण आवाज आहे तसा आहे. मी चौथीच्या पुढं शाळा बघितली नाही आणि हे लिहिताना काना-मात्रा चुकत असतील, तर चुकू देत. नातवाला मी सांगून ठेवलंय, माझ्या वहीत तू पेन घालायचं नाही.

आमचा पाडा तलासरीच्या आत, टेकडीच्या पायथ्याशी. घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, आणि घरात दोनच माणसं, मी आणि आय. बा मी लहान असतानाच गेला. आय कमी बोलायची, पण तिचा हात सतत वाजत असायचा. सकाळी तांदळाची भाकर थापताना चटचट, मग जवळा भाजताना तव्यावर खरखर, आणि त्या वासानं मांजर, मी आणि शेजारचा रघ्या एकदमच चुलीपाशी हजर. रघ्याला घरी जेवण नव्हतं असं नाही, पण तो म्हणायचा, “मावशी, आमच्या घरचा जवळा समुद्रातला वाटत नाही, तुझा वाटतो.” असं बोलून तो माझ्या वाटणीची भाकर खायचा. आवाज त्याचा साधाच, पण उंची होती, छाती होती, म्हणून पाड्याच्या नाटकात राजा नेहमी तोच.

मी कामाला डहाणूला, फुग्यांच्या कारखान्यात. पहाटेच्या एसटीनं जायचं आणि संध्याकाळी परत. आजकालच्या पोरांना वाटतं फुगे मशीन घालते. आम्ही फुगे दुधातून काढायचो. रबराचं दूध, पांढरं, डोळ्यांना झोंबणारं, मोठ्या टाकीत रंग घालून ठेवलेलं. लांब फळीला साचे उलटे टांगलेले असायचे, शंभर शंभर. ती फळी दोघांनी धरायची, सावकाश दुधात बुडवायची आणि त्याहून सावकाश वर काढायची. घाई केली की फुग्याला बुडबुडा, म्हणजे फुगा वाया. मग बाया ओल्या रबराचं तोंड बोटानं वळून त्याची कडी करायच्या. सुकल्यावर पावडर लावून फुगा साच्यावरून ओढला की जो फटकन आवाज व्हायचा, तो दिवसभर चाललेला असायचा, शंभर बाया शंभर पोरांना चापट मारतायत असा. संध्याकाळी सगळी माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. एसटीचा कंडक्टर म्हणायचा, “आली भुतं, पुढं सरका.”

तिथंच मी पहिल्यांदा तो चमत्कार बघितला. शेठचा भाचा मुंबईहून आला होता. कसल्याशा उद्घाटनाला फुगे सोडायचे म्हणून त्यानं बरोबर एक छोटी टाकी आणलेली, गॅसची. त्यानं एक फुगा भरला, तोंडाला लावला, ओढला, आणि आम्हा सगळ्यांकडं बघून म्हणाला, “कामाला लागा रे.” पण असा म्हणाला, की बेडकीच्या पिलानं म्हणावं. बाया कडी वळायच्या थांबल्या. एक बाई हसता हसता पावडरच्या ढिगात बसली. खुद्द शेठ, जो दिवाळीलाही हसत नसे, तो तोंडावर हात धरून आत गेला. तेवढा मीच हसलो नाही. मी विचार करत होतो.

त्याच दिवशी माल न्यायला छगनकाका आलेला. छगनकाका म्हणजे संजाणकडचा फुगेवाला. जत्रेजत्रेत गॅसचे फुगे विकायचा. गॅस स्वतः बनवायचा, लोखंडी नळकांड्यात कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे भंगार तुकडे घालून. नळकांडं तापायचं, खदखदायचं, आणि काका त्याच्याशी गुजराथीत बोलायचा, म्हशीशी बोलावं तसं. त्याला भुवया नव्हत्या. कुणी विचारलं की म्हणायचा, “पाळल्या नाय, उडून गेल्या.” भाच्याचा तमाशा बघून त्यानं मान हलवली आणि मला म्हणाला, “जो दीकरा, बघ, त्याचा गॅस साधू आहे. काय पण कर, चिडत नाय. माझा गॅस डाकू. वर जाणार दोघं, पण माझा बिडी बघितली की भडकतो.” मी ऐकलं. ऐकलं म्हणजे कानात गेलं. डोक्यात मी तेवढंच ठेवलं, की दोघं वर जातात.

आता नाटकाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या शाळेचे मास्तर घाटावरचे, नाटकवेडे. दरवर्षी गावदेवीच्या जत्रेला ते स्वतः लिहिलेलं नाटक आमच्याकडून करून घ्यायचे. राजा, राणी, लढाई, आणि शेवटी सगळे जिवंत. पाड्यात वीज नव्हती. आदल्या वर्षी पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाटक करताना पडद्यानं पेट घेतला, आणि पडदा म्हणजे सोनूभगताच्या बायकोचं नवंकोरं लुगडं होतं. सोनूभगत आमच्या पाड्याचा वडील माणूस. अंगारा तो द्यायचा, भांडण तो मिटवायचा, आणि त्याच्या शब्दापुढं कुणी जात नव्हतं. त्यानं मास्तरांना सांगितलं, “यंदा नाटक भर दुपारी करा. दिवा नको, बत्ती नको. आणि या वेळी काय विपरीत झालं, लोक नाटकावर हसले, नायतर काय पेटलं, तर गावदेवीची आण, या पाड्यात पुन्हा नाटक नाय.” मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. पण त्यांनी होकार दिला.

आणि जत्रा पाच दिवसांवर आली असताना राणीला कावीळ झाली. राणी म्हणजे किसन, त्याचा आवाज मुलीसारखा होता. मास्तर शाळेच्या ओट्यावर डोकं धरून बसले. राणीची सगळी वाक्यं पाठ असलेला पाड्यात दुसरा एकच माणूस होता, मी. वाचता मला धड येत नसे, पण एकदा ऐकलं की चिकटायचं. मी म्हटलं, “मी करतो राणी.”

रघ्या ओट्यावरून खाली पडायचा बाकी राहिला. “तू? अरे तू ‘नाथ’ म्हटलंस तर नाथ पळून जाईल.”

मास्तर म्हणाले, “लहानू, तोंडवळा नाजूक आहे रे तुझा, मिशाही नाहीत. पण आवाज? लोक हसले की संपलं सगळं.”

“आवाज मी आणतो. जत्रेच्या दिवशी बायकी आवाज नाय निघाला, तर माझी मान आणि तुमची छडी.”

“आणणार कुठनं?”

“ते माझं मी बघतो.”

हा माझा स्वभाव. एकदा बोललो की बोललो, मग भले विहिरीत उडी असो. त्याची फळं मी आयुष्यभर खाल्ली, काही गोडही निघाली.

दुसऱ्या दिवशी मी छगनकाकाला गाठलं. जत्रेसाठी त्यानं डहाणूत मुक्काम टाकला होता. मी सांगितलं, नाटकाच्या मांडवाला फुगे लावायचेत. त्यानं दोन मोठे फुगे भरून दिले, एक लाल, एक पिवळा. तोंडाला सायकलची वॉल्व ट्यूब बसवून घेतली आणि ट्यूब दुमडून सुरगाठ मारली. एसटीत ते माझ्या शर्टात होते. कंडक्टर म्हणाला, “काय रे, पोट सुटलं?” मी पोटावर हात धरून मागच्या बाकावर जाऊन बसलो.

घरी आय नव्हती, पाण्याला गेलेली. मी दार ओढून घेतलं, ट्यूब सोडली आणि लाल फुग्यातून छातीभर गॅस ओढला. मग राणीचं पहिलं वाक्य म्हटलं: “नाथ, मला एकटीला सोडून जाऊ नका.” देवाशपथ सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. घरात एक मुलगी बोलत होती. बारीक, गोड, जराशी नाकातली, पण मुलगीच. दोनच वाक्यं झाली आणि पुन्हा रांजण बोलायला लागला. म्हणून मी परत ओढलं. परत म्हटलं. मला हसू आवरेना, आणि जितकं हसावं तितकं ते हसूही मुलीचं. मग हावेनं लागोपाठ चार घोट घेतले, मधे साधी हवा न घेता, आणि पाचव्यांदा “नाथ” म्हणालो तेव्हा चूल छतावर गेली, छत खाली आलं, आणि पुढचं मला आठवत नाही.

नातू बोईसरला केमिकलच्या कारखान्यात आहे, तो मला आता समजावतो. म्हणतो, आजोबा, तुमच्या छातीत गॅस होता म्हणजे हवा नव्हती. आणि गंमत अशी की छातीला ते कळत नाही. जीव घाबरा होत नाही, धाप लागत नाही, माणूस हसत हसत पडतो आणि कधी कधी उठत नाही. तो म्हणतो, एक जड गॅसही असतो, तो ओढला की आवाज राक्षसासारखा होतो, पण तो हलक्यासारखा पटकन बाहेर येत नाही, छातीच्या तळाशी बसून राहतो. मी म्हटलं, मला त्याची गरज नाही, माझ्याकडं तो त्या तापापासून आहे.

तर मी पडलो, आणि त्याच वेळी आय हंडा घेऊन दारात पोचली होती. तिनं काय ऐकलं? रिकाम्या घरात एक अनोळखी पोरगी हसतेय आणि “नाथ, मला एकटीला सोडून जाऊ नका” म्हणतेय. दार उघडलं तर पोरगी नाही, मी पडलेला, ओठ जांभळे. मोकळा झालेला फुगा माझ्या पाठीखाली होता आणि पिवळा आढ्याला जाऊन टेकलेला, तो तिला दिसला नाही. मी डोळे उघडले तेव्हा तोंडावर सगळा हंडा ओतलेला होता आणि सोनूभगत उशाशी बसून तांदूळ टाकत होता.

“बाईचा आवाज?” तो आयला विचारत होता.

“बाईचा, दादा. पोरीचा. या कानांनी ऐकला. नाथ नाथ म्हणत होती.”

“नवऱ्यानं टाकलेली असंल कोण. याला धरलाय तिनं.” मग माझ्याकडं वळून, “काय गं, काय पायजे तुला?”

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. गॅसचं सांगितलं असतं तर नाटक तिथंच बंद. नाही सांगितलं तर मी झपाटलेला. मी गप्प राहिलो, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड गप्पपणा. भगतानं माझ्या गप्प राहण्यातूनही उत्तर काढलं, “कोंबडी मागते.” आयची तांबडी कोंबडी गेली, अंड्यावरची. माझ्या दंडाला काळा दोरा बांधताना आयनं एकावर एक तीन गाठी मारल्या, त्या मला अजून दिसतात. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कोंबडी रटरट शिजत होती, भगत जेवायला बसलेला, आणि मीही दोन वेळा रस्सा मागून घेतला. खोटं का बोलू, झकास झाला होता. उठताना भगत म्हणाला, “दोनचार दिसांत जाईल ती. जाताना दिसंल पण.”

जत्रेच्या दुपारी शाळेपुढं मांडव भरला होता. पलीकडच्या पाड्यांतली माणसं, ताडगोळे विकणाऱ्या बाया, एका कोपऱ्यात फुग्यांचा घड धरून छगनकाका, आणि पुढच्या बाकावर हाताची घडी घालून सोनूभगत. आय बायांमध्ये बसलेली. मी तिचंच लुगडं नेसलो होतो आणि तिचंच पोलकं घातलं होतं. पोलक्यात दोन फुगे, त्याच सकाळी मांडवाच्याच नावानं काकाकडून नव्यानं भरून घेतलेले, आधी सांगून ठेवतो. दुसरीकडं ठेवायला जागा नव्हती आणि तशीही ती जागा रिकामीच होती. जास्तीचे दोन पडद्यामागं बांधलेले. रघ्यानं मला बघितलं आणि म्हणाला, “राणीसरकार, एवढं कशाला?”

“बोलशील तर फोडीन,” मी म्हटलं.

युक्ती अशी होती. वाक्य आलं की पदर तोंडावर घ्यायचा, हुंदका दिल्यासारखं करायचं, ट्यूब दातांनी सोडून एक घोट ओढायचा आणि बोलायचं. आणि दोन वाक्यं झाली की तोंड फिरवून पोटभर साधी हवा घ्यायची, हे मी चुलीपाशी शिकलो होतो. मास्तरांच्या नाटकात राणी हसरी होती. आमच्या नाटकात ती वाक्यावाक्याला रडायला लागली. पण आवाज असा निघाला की मास्तर विंगेतून बघतच राहिले. पाचव्या हुंदक्याला बायाही पदर डोळ्यांना लावायला लागल्या. मागून एक म्हातारी म्हणाली, “किती सोसते गं पोर.” आणि अंक संपत आला तसे फुगे रिकामे झाले, तर दुसरी म्हणाली, “बघ, वाळली पण.”

दुसऱ्या अंकाला मी ताजे फुगे घालून बाहेर आलो. म्हातारी समाधानानं म्हणाली, “माहेरी जाऊन आली वाटतं.”

हा अंक लढाईचा. राजा निघाला, राणीनं त्याला ओवाळायचं. तालमीत आम्ही ताटात खडे ठेवायचो. मी राजापुढं आलो, पदरात तोंड घालून मोठा घोट घेतला, वळून हात पुढं केला, आणि मास्तरांनी विंगेतून माझ्या हातात ताट दिलं. ताटात पाच वाती, तुपातल्या, पेटलेल्या. भर दुपारी तेवढं चालतं, ओवाळणी काय खड्यांनी करतात, असं मास्तरांना वाटलं असणार.

तेवढ्यात कोपऱ्यातून गुजराथीत आरोळी आली, दिवा लांब धर म्हणून. “अल्या ए! दिवो आघो राख! आघो!”

छगनकाका उभा होता. पदराखालून डोकावणारी वॉल्व ट्यूब त्यानं ओळखली होती, त्याच्याच हातची गाठ. आणि मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, भुवया नसलेल्या त्या चेहऱ्याकडं, आणि डाकू म्हणजे काय ते मला त्या क्षणी डोक्यात कळलं. पाच ज्योती माझ्यापुढं वीतभर अंतरावर, छातीला दोन मोठे फुगे, आणि फुप्फुसात तोच माल भरलेला. बोललो तर ज्योतीवर जाणार. फुंकून विझवू? लढाईला निघालेल्या राजाच्या तोंडावर दिवा फुंकायचा, गावदेवीच्या जत्रेत, सोनूभगताच्या समोर? मग नाटक कायमचं गेलंच. ताट टाकू? खाली चटई, मागं पडदा, पुन्हा कुणाच्यातरी बायकोचं लुगडं.

मी ताट डाव्या हातानं जितकं लांब जाईल तितकं लांब धरलं. मान उजवीकडं फिरवली आणि छातीतला सगळा गॅस बाहेर सोडला. मग उजवा हात पोलक्यात घालून ओढलं. गुंड्या उडाल्या, एक राजाच्या कपाळावर बसली. लाल फुगा निघाला, मग पिवळा. मांडवाला वरून छप्पर नव्हतं. दोन्ही फुगे राणीच्या छातीतून निघून, शेपटासारख्या ट्यूबा हलवत, शाळेच्या कौलांवरून, आंब्यावरून, वर वर गेले. सगळ्या मांडवानं माना वर केल्या. ताडगोळेवालीनं सोललेला ताडगोळा हातात तसाच धरलेला.

आणि मी, सपाट झालेली राणी, साधी हवा घेऊन राजाला ओवाळलं आणि राहिलेलं वाक्य म्हटलं, माझ्या आवाजात, रांजणातल्या: “नाथ, जा. जिंकूनच या.”

रघ्याचा ओठ थरथरला. मग मिशी सुटली. मग राजा गुडघ्यावर बसला तो हसण्यानंच. आणि सगळा मांडव फुटला. बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, छगनकाका डोळे पुसत होता, विंगेत मास्तर मात्र भिंतीला टेकून डोळे मिटून उभे. लोक हसले होते. आण घेतलेली होती. मी सोनूभगताकडं बघितलं.

तो उठला. हसत नव्हता. हात वर करून त्यानं सगळ्यांना गप्प केलं, आभाळात दोन ठिपके उरले होते त्यांच्याकडं बोट दाखवलं, आणि म्हणाला, “गेली.”

कुणाला काही कळेना.

“लहानूला धरणारी. मी म्हटलं होतं, जाताना दिसंल. बायकी आवाज घेऊन गेली बघा. आता पोराचा आवाज पोराला मिळाला.” मग मास्तरांकडं वळून, “विपरीत नाय झालं. चांगलं झालं. चालू द्या पुढं.”

पुढचं नाटक मी माझ्या आवाजात केलं. राजा जिंकला. आमच्या पाड्यात नाटक अजून होतं, आता विजेच्या दिव्यात. पुढच्या वर्षी राजा मी होतो, आणि रघ्या प्रधान, हे मुद्दाम लिहून ठेवतो. भगताला खरंच तसं वाटलं, की मुद्दाम तसं बोलून त्यानं मास्तरांचं नाटक वाचवलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. काकानं मात्र जाताना माझा कान असा पिळला की तो आजही दुसऱ्यापेक्षा लांब आहे.

संध्याकाळी आय चुलीपाशी पोलकं मांडीवर घेऊन बसली होती, सुई ओवत. दंडावरचा काळा दोरा तिनंच सोडला आणि चुलीत टाकला.

“गेली म्हणे पोर,” ती म्हणाली.

“हो आय. सगळ्यांनी बघितली.”

आयनं आढ्याकडं हात केला. तिथं वाशांच्या सांदीत पिवळ्या फुग्याचं सुरकुतलेलं रबर अडकलं होतं, पहिल्या दिवसाचं, ट्यूबसकट. मला तोवर दिसलंच नव्हतं.

“परत आली तर तिला सांग,” आय दोरा दातानं तोडत म्हणाली, “एक तांबडी कोंबडी घेऊन ये, आणि चार गुंड्या.”